लाकडी खोकी परदेशी पाठवताना: उष्णता की धुरी?

माल पाठवणाऱ्या एका ओळखीच्यांनी विचारलं, लाकडातली कीड मारायला पॅलेटला (माल ठेवायच्या लाकडी चौकटीला) उष्णता द्यावी की मिथाइल ब्रोमाइड या वायूची धुरी? लाकडी वेष्टनासाठीच्या आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकात दोन्ही चालतात, आणि साल दोन्हीकडे काढावीच लागते. आशियाई लांबशिंगी भुंगा अशाच कच्च्या लाकडातून अमेरिकेत शिरला. १९९६ मध्ये तो ब्रुकलिनच्या झाडांवर सापडला.

वेळेत उष्णता सरस. लाकडाच्या गाभ्याचं तापमान सलग ३० मिनिटं ५६ अंश सेल्सिअस हवं. गाभ्याचं, भट्टीतल्या हवेचं नव्हे. घोळ होतो तो इथेच. ओलं, जाड लाकूड गाभ्यापर्यंत तापायला वेळ घेतं. तरी धुरीचे किमान २४ तास, वर गॅस बाहेर काढण्याची खटपट, यापुढे ते परवडतं. शिवाय २० सेंटिमीटरपेक्षा जाड लाकडाला ही धुरी चालत नाही आणि १० अंशांखालच्या थंडीतही नाही.

धुरीला भट्टी लागत नाही, हाच तिचा मोठा फायदा. पण वायू विषारी, ओझोनचा शत्रू. ओझोन वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारात तो केवळ मालातली कीड रोखण्याच्या (क्वारंटाइन) सवलतीवर तगून आहे. युरोपीय संघात तर वापरता येत नाही.

टिकाऊपणात दोन्ही सारखेच: नंतर कीड लागू नये म्हणून लाकडात काहीच उरत नाही. उष्णता दिलेलं ओलं लाकूड बुरसतंही.

नियमित निर्यात असेल तर उष्णताच घ्या. जवळपास भट्टी नाही, लाकूड पातळ आणि पाठवणी क्वचितच, अशांनी परवानाधारकाकडून धुरी करून घ्यावी. एखाददुसरंच खोकं असेल तर प्लायवूड वापरा. त्याला हे मानक लागूच नाही.