तयार सूट की शिवलेला?
बेळगावात ऑफिससाठी सूट घ्यायचा तर खडेबाजारात दोन वाटा: तयार घ्या, नाहीतर कापड घेऊन टेलर गाठा. तयार सूट त्याच दिवशी अंगावर चढतो. पण आधी खांदा बघा. शिवण खांद्याच्या हाडावरच संपली पाहिजे. बाही, कंबर, पँटची उंची नंतर दुरुस्त होते, खांदा सहसा नाही. शिवाय तयार सुटात छाती ४० तर कंबर बहुधा ३४ धरलेली. माझी ३८, त्यामुळे पँट कधी नीट बसलीच नाही.

शिवायला साधारण सव्वातीन मीटर कापड आणि किमान एक ट्रायल लागते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने ट्रायलला बसून, हात पुढे करून बघावंच. मी तर शिवलेलाच घेईन, टेरीवूलचा, म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकर मिसळलेल्या कापडाचा. निव्वळ पॉलिएस्टर एप्रिलात पाठीला चिकटतं. नोकरीवर रुजू व्हायला चारच दिवस उरले असतील, तरच तयार.