बाल संगोपनच्या फाईलचे आठ हजार, आणि अंगठ्याचे वेगळे

परवा आमच्या सोलापूरच्या विडी घरकुलातल्याच, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्याच, पलीकडच्या लाईनीतल्या एका बाईने मोबाईलवर एक पत्र दाखवलं, ताई हे खरं हाय का बघा की म्हणाली, आणि माझ्या पोटात गोळाच आला. बाल संगोपन योजनेच्या मंजुरीचं, मला फसवणाऱ्याने पाठवलेलं तेच खोटं पत्र. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, आणि मधे ठळक अक्षरात 'बालकल्याण समीती'. समितीतला मि दीर्घ. माझ्या पत्रात पण दीर्घच होता आणि मला तेव्हा दिसला नव्हता. म्हणून आज सुट्टीचं बसून सगळं लिहालेय, लाज वाटते पण लिहालेय.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. मिस्टर २०२२ च्या दिवाळीआधी अटॅकने गेले, चाळीशी पण झाली नव्हती. पोरगा तेव्हा सात वर्षांचा, पोरगी दोन. घरात सासूबाई, त्या विड्या वळतात, आता नजर कमी झालीय तरी रोजचं सूप सुटत नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी मला स्वतः बोलावून सांगितलं होतं की तुझ्या दोन्ही लेकरांना बाल संगोपन बसतंय, एक पालक गेलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत मिळतं, आधी ४२५ होते मग ११०० झाले आता २२५० केलेत एका मुलाला महिन्याला, फॉर्मला पैसे लागत नाहीत, जिल्हा महिला बालविकासच्या ऑफिसला नेऊन द्यायचा. कागदांची यादी पण त्यांनीच वहीच्या पानावर लिहून दिली. मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेचं बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, आणि घरासमोर उभं राहून मुलांसोबत काढलेला फोटो. ते पान मी फ्रीजवर लावलं आणि तिथंच राहिलं. उत्पन्नाच्या दाखल्याला दक्षिण सोलापूरच्या तहसीलला जायचं म्हणजे एक खाडा, ऑफिसला जायचं म्हणजे दुसरा खाडा, आमच्याकडे खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. आज जाऊ उद्या जाऊ करत दिवाळी आली.

आणि ४ डिसेंबरपासून अंगणवाडीताईंचा राज्यभर संप लागला. त्यांचं बरोबरच होतं ओ, एवढ्याशा मानधनात किती राबायचं. पण पन्नासेक दिवस अंगणवाडीला कुलूप, पोरीचा खाऊ बंद आणि विचारायला हक्काचं माणूस पण नाही. नेमका ह्याच दिवसात तो उगवला.

एका रविवारी दुपारी लाईनीत आला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात निळ्या दोरीचं कार्ड, त्यावर फोटो आणि खाली 'समन्वयक'. कशाचा समन्वयक ते कार्डावर नव्हतंच, हे पण मला नंतर सुचलं. आमच्याच लाईनीतल्या एकीच्या माहेरकडून ओळख काढून आलेला, त्यामुळं चहा पण आम्हीच पाजला. विधवा बायकांची यादीच होती त्याच्याकडं, माझं नाव वाचून दाखवलं, मिस्टरांचं नाव पण. मला वाटलं सरकारी यादी असणार, नाहीतर ह्याला कसं कळणार. लाईनीत कोण गेलं ते शेंबड्या पोराला पण माहीत असतं हे डोक्यात आलं नाही.

मग हिशोब केला त्याने. माझ्याच पोराच्या वहीवर. राज्याचे २२५०, केंद्राचे ४०००, एका मुलाला झाले ६२५०, दोघांचे १२,५००. दर महिना. माझा पगार साडेनऊ हजार. तुम्हीच सांगा, माणूस त्या आकड्याकडं बघेल का कार्डाकडं. आणि गंमत म्हणजे दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणूनच फसायला होतं. २२५० बाल संगोपनचे खरे, आणि ४००० केंद्राच्या मिशन वात्सल्यमधे स्पॉन्सरशिप म्हणून आहेत ते पण खरे. पण त्या दोन वेगळ्या योजना, वेगळी फाईल, वेगळे निकष, स्पॉन्सरशिपला शहरात वर्षाला ९६ हजार आणि खेड्यात ७२ हजार उत्पन्नाची अट आहे. ह्याने दोन्हीची भेळ करून माझ्यापुढं ठेवली.

पैसे कसे काढले ते नीट सांगते कारण एकदम मागितले असते तर मी दिलेच नसते. पहिल्या दिवशी फॉर्मचे ३००, दोन मुलांचे ६००. चिल्लरच वाटते. पुढच्या आठवड्यात गृहचौकशीची फी १२०० प्रमाणे २४००, आणि चौकशी म्हणजे काय तर घरात बसून त्याने भिंतीकडं बघितलं आणि दोन टिकमार्क केल्या. मग समितीची फी २५०० प्रमाणे ५०००, साहेबांपुढं फाईल सरकवायची म्हणे. असे ८००० झाले. सगळं रोख, फोनपे नको, ऑडिटला अडकतं म्हणाला. फक्त ते २४०० माझ्याकडं रोख नव्हते म्हणून एका नंबरवर पाठवायला लावले, नाव भलतंच आलं, विचारलं तर म्हणाला ऑफिसच्या क्लार्कचं हाय, तुम्ही टेन्शनच घेऊ नका ओ ताई, मी करालोय की सगळं. मूळ मृत्यूदाखला आणि मूळ जन्मदाखले पण घेऊन गेला. झेरॉक्स चालत नाही म्हणे.

आणि फोटो. दारात उभं केलं आम्हाला, पोरीला कडेवर घेतलं, पोरगा बाजूला, घराचा नंबर दिसला पाहिजे म्हणून स्वतः मागे सरकून त्याच्या मोबाईलवर काढला. हा फोटो खरोखर लागतोच, ताईंच्या यादीत होता, त्यामुळं मला उलट खात्री पटली की हा बरोबर माणूस आहे.

तिसऱ्यांदा आला तेव्हा काडेपेटीएवढं मशीन आणलं. केवायसी करायची, पैसे डायरेक्ट खात्यात येणार ना मग अंगठा लागतो. मी ठेवला. लागला नाही म्हणाला, पुसून परत ठेवा. परत ठेवला. मग सासूबाईंचा पण घेऊ म्हणाला, घरातल्या ज्येष्ठांची संमती लागते. सासूबाईंनी ठेवला, नाही लागला. पदराला पुसला, पाण्याने धुतला, डावा ठेवला, दोन्ही बोटं ठेवून बघितली. पन्नास वर्षं तेंदूची पानं कातरून आणि विड्या वळून त्यांच्या बोटांवरच्या रेघाच गेल्यात, अगदी गुळगुळीत, हात लावून बघितला तर कळतं. रेशनला दर महिन्याला ह्याच अंगठ्यापायी त्यांना तास तास थांबवतात. त्या दिवशी तो माणूस वैतागून मशीन पिशवीत घालून गेला आणि सासूबाईंची पेन्शन वाचली. माझा अंगठा मात्र चांगला होता. भिशी उचलून ठेवलेले खात्यातले पैसे, एकदा १०,००० आणि दुसऱ्यांदा ६,५००, तिथंच घरात बसून त्या मशीनवर माझ्या आधारच्या अंगठ्याने काढले त्याने. 'लागला नाही' म्हणाला तेव्हाच पहिले दहा गेले होते. मेसेज का आला नाही, तर खात्याला नंबर मिस्टरांचा लावलेला आणि ते सिम रिचार्ज न केल्याने कधीच बंद पडलेलं.

आता जे लिहिणार आहे ते मी घरात पण खूप दिवस सांगितलं नव्हतं. त्याच दिवशी निघताना पोरगी दारात खेळत होती, तिच्याकडं बघून तो म्हणाला, ताई राग मानू नका, पुण्याची एक पार्टी हाय, चांगली श्रीमंत, मूलबाळ नाही त्यांना, तुम्हाला दोघांचं करणं जड जातंय, विचार करा, शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी करून कायदेशीर दत्तक करून देतो, तुमचं पण भलं होईल. मी म्हटलं तोंड सांभाळून बोल. तो लगेच हसला, सहज बोललो ओ. आणि मी काय केलं, त्याच्यानंतर पाच दिवसांनी त्याला ५००० दिले. फाईल अडकू नये म्हणून. पैशांपेक्षा ह्याचं जास्त लागतं मला.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या धामधुमीत व्हॉट्सअपवर मंजुरीचं पत्र आलं. तारीख १४ जानेवारी २०२४. रविवार होता ओ तो! रविवारी कुठलं ऑफिस पत्र काढतंय, आणि सोलापुरात गड्ड्याच्या दिवसात तर नाहीच नाही. पण मी पत्र बघून रडले, सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. त्यानंतर फोन उचलणं कमी, मग बंद.

महिनाअखेरीला संप मिटला, अंगणवाडी उघडली, पोरीचं वजन करायला गेले तेव्हा मी कौतुकाने ताईंना पत्र दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, अगं पण फाईल दिली त्याची पोच कुठाय, आवक नंबर कुठाय तुझा? मला आवक नंबर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. कुठल्याही ऑफिसात कागद दिला की आपल्या झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि नंबर टाकून देतात, तो. दुसऱ्या दिवशी त्याच खाडा करून माझ्याबरोबर महिला बालविकासच्या ऑफिसला आल्या. तिथल्या बाबूंनी रजिस्टरची पानं उलटून बघितली, डिसेंबर पूर्ण, जानेवारी पूर्ण. माझ्या पोरांची नावं नाहीत. फाईल गेलीच नव्हती.

तिथल्या मॅडमनी बसवून घेतलं, पाणी दिलं. त्यांनी सांगितलं की मंजुरी बालकल्याण समितीच देते, समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, एकटा कोणी साहेब नसतो, आणि फी नावाची गोष्टच नाही, फॉर्मला नाही चौकशीला नाही समितीला नाही. पण पुण्याच्या पार्टीचं सांगितलं तेव्हा मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या स्टॅम्पवर नोटरी करून अनोळखी माणसाला मूल देणं हे दत्तक नसतंच, मधे पैसे आले की ती मुलाची विक्री झाली, किशोर न्याय कायद्याचं कलम ८१, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड, आणि त्यात विकणाऱ्यासोबत घेणारा पण अडकतो. एखाद्या आईला खरंच मूल सांभाळणं अशक्य असेल तर ती समितीपुढं जाऊन मूल सोपवू शकते, त्यानंतर पण फेरविचाराला ६० दिवस मिळतात. आणि ज्यांना मूल हवंय त्यांनी केंद्राच्या 'कारा' ह्या दत्तकाचं बघणाऱ्या संस्थेकडे ऑनलाईन नोंदणी करायची, गृहभेटीचा अहवाल होतो, त्याची फी नियमात ठरलेली आणि पावतीने, मग नंबर लागेल तसं मूल दाखवतात, आणि शेवटचा आदेश आता जिल्हाधिकारी देतात. ह्यात तीन-तीन वर्षं आणि जास्त पण जातात. त्या थांबलेल्या लोकांना हे असले लोक गाठतात, एका हाताने त्यांना आणि दुसऱ्या हाताने आमच्यासारख्यांना. तिकडं पंढरपुरात नवरंगे बालकाश्रम १८७५ पासून आहे, म्हणजे टाकलेल्या लेकरांना नीट घर देण्याचं काम आपल्याच जिल्ह्यात दीडशे वर्षं चालू आहे, आणि आपण शंभरच्या स्टॅम्पच्या गोष्टी ऐकून घेतो.

मॅडमनीच पोलिसात जायला लावलं. तक्रार दिली, ऑनलाईन फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन केला, बँकेत अर्ज दिला. बँकेने सांगितलं तीन कामाच्या दिवसात कळवलं असतं तर गोष्ट वेगळी होती, तुम्ही महिन्याने आलात. पैसे आले नाहीत. पुरावा म्हणून उपयोगी पडली ती २४०० ची फोनपेची नोंद तेवढीच. दाखले परत मिळाले नाहीत, नवीन काढले. पण तो फोटो त्याच्या मोबाईलमधे आहे अजून, घराच्या नंबरसकट, पोरगी कडेवर. तो कुणाकुणाला दाखवला असेल ते मनात आलं की रात्री उठून दाराची कडी बघते.

खात्याला नंबर माझा लावून घेतलाय. आधारचा अंगठा लॉक करता येतो हे मला माहीतच नव्हतं, एमआधार ॲपमधून होतं, काढायचे असले की तेवढ्यापुरतं उघडायचं. तुमच्या घरात कुणाचं खातं वारलेल्या माणसाच्या नंबरवर चालू असेल तर आधी ते बदला, बाकीचं नंतर वाचा. लेकरांच्या बाबतीत कोणी असलं काही बोललं तर मुलांच्या हेल्पलाईनला, १०९८ ला फोन करा, चोवीस तास चालू असतो, मी तेव्हा केला असता तर कदाचित तो माणूस पुढच्या लाईनीपर्यंत पोचला नसता.

माझी खरी फाईल मार्चमधे गेली. दोन खाडे झाले, बसचे आणि झेरॉक्सचे मिळून दीडशे रुपये लागले बस. पैसे दर महिन्याला येत नाहीत, अनुदान आलं की मागचे धरून एकदम जमा होतात, पण येतात.

त्या पलीकडच्या बाईचं अजून वाचण्यासारखं आहे. तिने फॉर्मचे आणि चौकशीचे दिलेत, पण मशीनवर अंगठा ठेवलेला नाही आणि मूळ दाखले तिच्याकडंच आहेत, सासऱ्यांनी ट्रंकेची किल्लीच दिली नाही म्हणून. तिच्या पत्रावरचा जावक क्रमांक आणि माझ्या पत्रावरचा एकच आहे, तारीख तेवढी बदललीय. तो शनिवारी मशीन घेऊन येतो म्हणालाय. उद्या शुक्रवारी खाडा टाकून दोन्ही पत्रं आणि तिला घेऊन आधी चौकीला आणि मग ऑफिसला चाललेय.