तीन किलोवॉटचा सोलर इन्व्हर्टर: फैजपूरच्या उन्हाळ्यासकट अनुभव

जळगाव जिल्ह्यात फैजपूरला घराच्या स्लॅबवर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं, त्याचा हिवाळा-उन्हाळा दोन्ही पाहून झाला. पाहुणे पहिले विचारतात, पॅनल कोणत्या कंपनीचं? मी म्हणतो, आधी विचारा की व्होल्टेज चढल्यावर इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज एसी करून लाईनला जोडणारा डबा) काय करतो.

आमच्याकडे खरी कटकट तीच. दुपारी गल्लीतली निम्मी घरं कुलूपबंद, डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड नाही, आणि आजूबाजूच्या छतांवरची वीज सगळी लाईनवर, म्हणून व्होल्टेज चढतं. नियमाने २३० च्या ११० टक्के, म्हणजे २५३ व्होल्ट ओलांडले की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत लाईनपासून सुटायचं आणि सगळं सुरळीत झाल्यावर किमान ६० सेकंद थांबून परत जुळायचं. फेब्रुवारीत ऐन बाराला हाच खेळ चालायचा. भर उन्हात डिस्प्लेवर शून्य!

बसवणाऱ्या पोराने आधी इन्व्हर्टर ते मीटर केबल जाड टाकली. बारीक केबल असली की इन्व्हर्टरच्या टोकाला व्होल्टेज आणखी चढतं. मग इन्व्हर्टरमधलं व्होल्ट-वॉट नावाचं सेटिंग चालू केलं. आता मर्यादा जवळ आली की तो धाडकन बंद न पडता वॉट हळूहळू उतरवतो. थोडे युनिट जातात, दुपार वाचते. व्होल्ट-व्हारही आहे, म्हणजे रिअॅक्टिव्ह पॉवर (काम न करता लाईनमध्ये नुसती ये-जा करणारी वीज) ओढून व्होल्टेज दाबायचं. पण एलटी, म्हणजे डीपीपासून घरापर्यंतच्या कमी दाबाच्या तारांत रेझिस्टन्सच जास्त, त्यामुळे आमच्या लाईनवर त्याचा फारसा गुण आला नाही. ही सेटिंगं इन्स्टॉलरच्या पासवर्डमागे असतात. पूर्ण पैसे देण्याआधी करून घ्या.

मे महिन्यात पारा ४५ कडे गेला की पॅनलचं उत्पादन घटतंच, वर इन्व्हर्टर तापला तर तोही वॉट कापतो. आमचा उत्तरेच्या भिंतीला सावलीत आहे. शेजारच्या काकांचा पत्र्याखाली. दुपारी दोनला त्यांचा आकडा बघवत नाही.

सकाळी निंबाची सावली दोन पॅनलवर पडते. इन्व्हर्टरमधला साधा एमपीपीटी, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वॉट मिळतील तो बिंदू शोधणारा भाग, अशा वेळी वॉटच्या छोट्याच शिखरावर अडकतो, म्हणून मोठं शिखर शोधत फिरणारा शॅडो स्कॅन चालू ठेवलाय. सावली नसेल तर बंद ठेवा, स्कॅनमध्ये उगाच वीज जाते.

लाईट गेली की हा सोलर इन्व्हर्टर बंद. खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी तसंच हवं. तेव्हाही सोलर चालायला हवं तर बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो, तो बराच महाग. आम्ही घरातला जुना बॅटरी-इन्व्हर्टर ठेवलाय, पंख्यांपुरतं भागतं.