गाण्याचे हक्क आणि दिवाळी अंकातील पान : सांगलीत आमच्या विद्यार्थ्यांची झालेली फसवणूक

सांगलीतील एका महाविद्यालयात मी जनसंवाद हा विषय शिकवते. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना आमच्या विभागात एक जोडप्रकल्प करावा लागतो. एका गाण्याचा म्युझिक व्हिडिओ तयार करायचा आणि त्याच व्हिडिओची पानभर जाहिरात एखाद्या नियतकालिकासाठी तयार करायची. गेल्या वर्षी या प्रकल्पाच्या निमित्ताने एका मध्यस्थाने आमच्या एका गटाकडून तीस हजार रुपये उकळले. त्यांपैकी अठरा हजार गाण्याच्या परवानगीसाठी होते आणि बारा हजार दिवाळी अंकातील पानासाठी. ही रक्कम विद्यार्थ्यांनी घरून, शिष्यवृत्तीतून आणि सुट्टीतल्या कामाच्या पैशांतून जमवलेली होती. त्या माणसाची पद्धत इतकी बेतलेली होती की ती तो दुसऱ्या महाविद्यालयांतही वापरणार याविषयी मला शंका वाटत नाही, म्हणून ती जशी घडली तशी लिहीत आहे. तक्रारीचा तपास चालू असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही.

गटाची कल्पना फार चांगली होती, हे आधी सांगितले पाहिजे. एक जुने भावगीत निवडून त्यावर मिरजेतील तंतुवाद्यांच्या कारागिरीचे चित्रण करायचे, असे त्यांनी ठरवले होते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून हा विषय त्यांच्या मनात घोळत होता. सतारमेकर गल्लीत जाऊन त्यांनी छताला टांगलेले वाळके भोपळे, तुंब्यावरचे कोरीवकाम आणि जवारी लावण्याचे काम पाहून ठेवले होते. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग कानसीने घासायचा, तार छेडायची, पुन्हा किंचित घासायचे आणि शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवत न्यायचा. एका विशिष्ट जागी आल्यावर तोवर मुका वाटणारा स्वर एकदम फुलतो. धागा सरकवणाऱ्या त्या दोन बोटांचा क्लोजअप व्हिडिओच्या पहिल्या कडव्याला येणार होता आणि तीच चौकट जाहिरातीच्या पानावरही असणार होती. व्हिडिओ पाहिलेल्याला पान ओळखीचे वाटावे आणि पान पाहिलेल्याला व्हिडिओ शोधावासा वाटावा, ही या जोडप्रकल्पाची खरी परीक्षा असते, आणि ती या मुलांना नेमकी उमगली होती. कृष्णेचा घाट, पहाटेचा आयर्विन पूल आणि मिरजेतील कारखाना अशी स्थळेही निश्चित झाली होती.

म्युझिक व्हिडिओच्या नियोजनात गाणे आधी पक्के व्हावे लागते. स्टोरीबोर्डमधली, म्हणजे दृश्यांच्या चित्रमय आराखड्यातली, प्रत्येक चौकट गाण्याच्या ओळीशी बांधलेली असते, ओठ हलवून गाण्याचा अभिनय करायचा असेल तर चित्रीकरणाच्या जागी तेच ध्वनिमुद्रण वाजवावे लागते आणि संकलनातले सांधेही तालावरच पडतात. गाणे बदलले की सगळी आखणी मोडते. दिवाळी अंकाचेही तसेच असते. अंकाची पाने दिवाळीच्या पुष्कळ आधी भरतात आणि जाहिरातीची मुदत एकदा टळली की पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते. विद्यार्थ्यांची घाई कोणत्या दोन ठिकाणी होते हे त्या माणसाला पुरते ठाऊक होते आणि त्याने तेवढ्या दोनच गोष्टी विकायला काढल्या. कॅमेरा भाड्याने घेतला तर कॅमेरा हातात येतो, दिवे घेतले तर दिवे येतात. गाण्याचा हक्क आणि अजून न छापलेल्या अंकातील पान यांच्या बदल्यात मात्र फक्त कागद हातात येतो, आणि कागद कोणालाही तयार करता येतो.

एका युवा महोत्सवात तो मुलांना भेटला. त्याने छापील कार्ड दिले, कोणत्या महाविद्यालयाचा कोणता कार्यक्रम कधी झाला हे घडाघडा सांगितले आणि मुलांच्या कल्पनेचे मनापासून वाटावे असे कौतुक केले. पुढे तो विभागात मला येऊन भेटला, तेव्हाही त्याचे बोलणे अतिशय अदबीचे होते. जुन्या गाण्याच्या परवानगीसाठी कंपन्या विद्यार्थ्यांना दारात उभे करत नाहीत, मात्र आपल्या ओळखीने विद्यार्थी सवलतीत काम होईल, असे त्याने सांगितले. त्याच वेळी एका दिवाळी अंकात पान रिकामे असल्याचेही त्याने सुचवले. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांत दिवाळी अंकाला जे स्थान आहे, ते या मुलांना आजी-आजोबांमुळे चांगले माहीत होते. आपले पान दिवाळी अंकात छापून येणार म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेला आनंद मी पाहिला आहे, आणि त्या आनंदाचा कोणी असा व्यापार केला याचा मला आजही संताप येतो.

आम्ही कागद मागितले नाहीत असे झाले नाही. परवानगीचे पत्र मागितले, ते लेटरहेडवर, शिक्क्यासह आणि सहीसह आले. पत्रावरच्या दूरध्वनी क्रमांकावर गटातील विद्यार्थिनीने फोन केला, तेव्हा एका बाईंनी नम्रपणे “हो, परवानगी दिली आहे, पुढच्या कामाला लागा,” असे सांगितले. जाहिरातीच्या पानाचे बिल मागितले, त्यावर जीएसटी क्रमांक होता. पैसे यूपीआयने पाठवताना पडद्यावर कार्डावरील नावापेक्षा वेगळेच नाव दिसले. त्याबद्दल विचारताच “ते आमच्या अकाउंटंटचे खाते आहे, हिशोब तेच पाहतात,” हे उत्तर तयार होते. प्रत्येक शंकेला त्याच्याकडे एक कागद किंवा एक माणूस होता, आणि तो कागद आणि तो माणूस दोन्ही त्याचेच होते. फसवणुकीचे मर्म मला येथे दिसते. विक्रेत्याने दिलेल्या कागदाची खात्री त्याच कागदावर छापलेल्या क्रमांकावरून केली, तर ती खात्री पुन्हा विक्रेत्यापाशीच येऊन थांबते.

प्रकार उघडकीस आला तो पानाच्या मसुद्यामुळे. त्याने व्हॉट्सॲपवर दोन समोरासमोरच्या पानांचा फोटो पाठवला. डावीकडे मुलांची जाहिरात, उजवीकडे एका कथेचा शेवट, खाली पृष्ठक्रमांक. मुले हरखून गेली. गटातील एका मुलीचे वडील ऑफसेट छापखान्यात बाइंडिंगचे काम करतात. तिने तो फोटो त्यांना कौतुकाने दाखवला आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः महाविद्यालयात आले. “मॅडम, हे पान कुठल्याच अंकातलं नाही,” ते म्हणाले. “डावीकडे सत्तेचाळीस आणि उजवीकडे अठ्ठेचाळीस लिहिलंय. सत्तेचाळीस डाव्या हाताला येतच नाही.” त्यांनी टेबलावरचे एक मासिक उघडून दाखवले. पहिले पान उजव्या हाताला येते आणि त्याच्या पाठीवर दुसरे, त्यामुळे विषम क्रमांक कायम उजवीकडे आणि सम क्रमांक कायम डावीकडे पडतात. ४७ आणि ४८ ही तर एकाच कागदाच्या दोन बाजू असतात, ती समोरासमोर येऊच शकत नाहीत. संगणकावर दोन चित्रे शेजारी ठेवून तो मसुदा कोणीतरी बनवला होता.

त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. जाहिरातीची फाइल देताना त्याने पानाचा आकार सांगितला होता का? सांगितला नव्हता. खरोखर छापणारा माणूस सर्वांत आधी आकार, कडेचे ब्लीड, रंगांची पद्धत आणि रिझोल्यूशन यांविषयी बोलतो. ए-फोर आकाराचे पूर्ण पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात, छापायचे तर चित्र २४८० बाय ३५०८ पिक्सेलचे लागते, कापणीसाठी चारही बाजूंनी साधारण ३ मिलिमीटर जास्तीचे चित्र, म्हणजेच ब्लीड, ठेवावे लागते आणि पडद्यावरचे आरजीबी रंग छपाईच्या सीएमवायके पद्धतीत बदलून घ्यावे लागतात. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखी पाठवलेली प्रतिमा दाबली जाऊन लहान होते, ती पानभर छापली तर फुटते. मुलांनी ही सगळी तयारी नियमाप्रमाणे केली होती. त्या माणसाने मात्र “व्हॉट्सॲपवर टाका, चालेल,” एवढेच म्हटले होते.

मग आम्ही उरलेले कागद एकेक करून पाहिले. जीएसटी क्रमांकात पंधरा अक्षरे असतात आणि महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. बिलावरच्या क्रमांकात चौदाच अक्षरे होती आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो स्वीकारलाच गेला नाही. अंकाचे नाव नियतकालिकांच्या केंद्रीय नोंदणीत सापडले नाही. केवळ त्यावरून अंक खोटा ठरतो असे मी म्हणणार नाही. पण गेल्या वर्षीचा अंक दाखवा, असे सांगितल्यावर त्याने फोन उचलणे बंद केले. कोणत्याही खऱ्या अंकात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे व छपाईचे ठिकाण छापलेले असते. जुना अंक हातात घेऊन त्यातल्या छापखान्याला आणि संपादकांना आपणहून फोन करणे, ही मध्यस्थाला वगळून खात्री करण्याची सोपी वाट आहे.

गाण्याच्या पत्रातली खोट अधिक खोल होती, आणि इतर विभागांतील सहकाऱ्यांनी ती नीट समजून घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. एका गाण्यात शब्दांचा हक्क, चालीचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क असे वेगवेगळे हक्क असतात आणि ते वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात. समारंभात गाणे वाजवण्याचा परवाना आणि ते गाणे चित्राला जोडून व्हिडिओ तयार करण्याची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिला परवाना हक्कधारकांच्या संस्थांकडून मिळतो. दुसरी परवानगी मात्र ध्वनिमुद्रणाची मालकी असलेल्या कंपनीकडून आणि शब्द-चालीचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून घ्यावी लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे असा परवाना लेखी असावा लागतो आणि त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे स्पष्ट लिहिलेले असणे अपेक्षित आहे. आमच्या हातातील पत्रात “सदर गाण्याचे सर्व हक्क व्हिडिओसाठी देण्यात येत आहेत” एवढे एकच वाक्य होते. ध्वनिमुद्रण कोणते, मुदत किती, यूट्यूबवर चढवता येईल का, यातले काहीच नव्हते. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर छापलेल्या कंपनीचा पत्ता तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन मी स्वतः पत्र लिहिले. अशी कोणतीही परवानगी आपण दिलेली नाही आणि पत्रावर सही करणारी व्यक्ती आपल्याकडे नाही, असे त्यांचे उत्तर आले. तो व्हिडिओ त्या गाण्यासह प्रसिद्ध झाला असता, तर पैसे जाऊन वर कायदेशीर नोटीस मुलांच्या नावावर आली असती.

आम्ही १९३० या सायबर मदतवाहिनीवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार केली आणि भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीच्या कलम ३१८ चा उल्लेख करून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. पैसे गेल्यानंतर १९३० वर जितक्या लवकर कळवावे तितकी ती रक्कम मधल्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. आमच्या बाबतीत प्रकार उघड होईपर्यंत बरेच आठवडे उलटले होते आणि ते खाते रिकामे झालेले होते. हे लिहीपर्यंत पैसे परत मिळालेले नाहीत.

मुलांनी प्रकल्प सोडला नाही. त्यांच्यातील एकीच्या आजीला जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ आहेत. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या त्या ओव्या आजींकडून शिकून मुलींनी स्वतः गायल्या, तानपुऱ्याच्या साथीवर आमच्या विभागातच ध्वनिमुद्रण केले आणि गाणाऱ्या प्रत्येकीची लेखी संमती घेतली. मिरजेची आखणी बहुतेक तशीच वापरता आली, फक्त चौकटींच्या वेळा नव्याने बसवाव्या लागल्या. जाहिरात महाविद्यालयाच्या वार्षिकांकात छापली, आणि त्या वेळी छापखान्याने सर्वांत आधी पानाचा आकारच कळवला.

सांगली, सातारा, कोल्हापूर भागातील ज्या विभागांना अशाच स्वरूपाचा प्रस्ताव आला असेल, त्यांनी पैसे दिलेले असोत किंवा नसोत, आपापली लेखी तक्रार स्वतंत्रपणे द्यावी, कारण एकाच माणसाविरुद्ध अनेक ठिकाणच्या तक्रारी असतील तर तपासाला बळ मिळते. आमच्याकडे पोलिसांनी मागितलेल्या गोष्टी अशा होत्या : यूपीआय व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि बँकेचा उतारा, पैसे पाठवताना दिसलेल्या नावाचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरील संपूर्ण संभाषण, पत्राची आणि बिलाची मूळ प्रत, आणि त्याने दिलेले कार्ड. त्यांपैकी संभाषण त्याने आपल्या बाजूने ‘सर्वांसाठी’ पुसायला सुरुवात केली होती. एका विद्यार्थ्याने ते आधीच निर्यात करून ईमेलवर ठेवले होते, म्हणून ते हाती राहिले.