कुसळ, मुसळ आणि दाराजवळची खुर्ची: एका शास्त्राभ्यास वर्गाविषयी

यंदा लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, दिवसांत सोलापुरातील एका ख्रिस्ती मंडळीने आपल्या सभागृहात सहा शुक्रवार संध्याकाळी शास्त्राभ्यास वर्ग घेतला. विषय होता, एकमेकांचे दोष काढत बसण्याऐवजी कृपेने वागणे. शुल्क 100 रुपये आणि त्यात टिपणांची पुस्तिका व दर वेळचा चहा. असे वर्ग बहुधा रविवारच्या उपदेशाचीच उजळणी ठरतात, हे ठाऊक असल्यामुळे मी फारशी अपेक्षा न ठेवता गेलो आणि सहाही शुक्रवार बसलो.

शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका असून साडेसहा म्हणजे साडेसहा हा त्यांचा शिरस्ता आहे. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या: शेताच्या बांधावरच्या गवताचे एक कुसळ आणि त्यांच्या घरी अजूनही शेंगाची चटणी ज्याने कुटतात ते मुसळ. भावाच्या डोळ्यातले कुसळ पाहतोस, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ ध्यानात घेत नाहीस, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील वचन आपल्याला इतके पाठ असते की त्यातील वस्तू डोळ्यांसमोर येतच नाहीत. मुसळासाठीच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खरे तर घराची तुळई असा आहे, मराठीत कुसळाला मुसळ जुळले, असे बाईंनी सांगितले आणि कुसळ हातोहात फिरवायला दिले. तिसऱ्या-चौथ्या हातातून ते सतरंजीवर पडले. मग आम्ही चार-पाच प्रौढ माणसे मोबाइलचे दिवे लावून, गुडघ्यांवर बसून ते शोधू लागलो. मुसळ टेबलावर तसेच पडून होते. बाईंनी त्यावर एका शब्दानेही भाष्य केले नाही, हे मला विशेष आवडले. कुसळ राहू द्यावे असे प्रभू येशू म्हणत नाही, आधी स्वतःचे मुसळ काढ म्हणजे भावाचे कुसळ काढायला तुला नीट दिसेल असे म्हणतो, हा पाचव्या वचनातील भाग त्यांनी मुद्दाम दोनदा वाचून घेतला.

बायबलमधील रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाचा वर्ग सर्वांत जास्त रंगला, कारण तो थेट आमच्या घरांत शिरला. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, असे प्रेषित पौल तिथे लिहितो. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतून शेजारी प्रसाद आणून देतात, तो घ्यावा की नाही, यावरून आमच्याकडे भावाभावांत अबोला झालेला आहे. बाईंनी निकाल दिला नाही. घेणाऱ्याला न घेणाऱ्याची बाजू मांडायला लावली आणि न घेणाऱ्याला घेणाऱ्याची. माझी वेळ आली तेव्हा, ज्या बाजूला मी वीस वर्षे 'ढिले विश्वासी' म्हणत आलो तिची तीन वाक्येही मला धड मांडता आली नाहीत.

तरीही ज्या एका संध्याकाळसाठी मी हे शुल्क पुन्हा आनंदाने भरीन, ती चौथी. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात, राजाने 10,000 तालांतांचे कर्ज माफ केलेला चाकर 100 दिनारांच्या कर्जासाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो, तो दाखला आपण नेहमी 'केवढे मोठे कर्ज माफ झाले आणि केवढ्याशा कर्जासाठी हा भांडला' असा ऐकतो. बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. एक दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी आणि एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, म्हणजे 10,000 तालांत ही 6 कोटी दिवसांची मजुरी झाली. ती कोणाच्याच हातून फिटणारी नव्हती. पण सोबत्याचे 100 दिनार? आठवड्याची सुट्टी धरली तर ती जवळपास चार महिन्यांची कमाई. वर्गात यंत्रमागावर काम करणारे दोघे होते. त्यांना बाईंनी विचारले, चार महिन्यांचा पगार कोणी बुडवला तर तुम्ही त्याला किरकोळ म्हणाल का? दोघांनीही मान हलवून नाही म्हटले. दुखावलेल्या माणसाचे दुःख लहान आहे असे येशू कुठेही म्हणत नाही, तो केवळ ते दुसऱ्या एका रकमेशेजारी ठेवतो, हे मला साठीच्या उंबरठ्यावर प्रथमच कळले.

आता उणे. पाचव्या शुक्रवारी एका तरुणीने विचारले की मंडळीच्या पैशांत कोणी अफरातफर केली, तर तिथेही कृपाच दाखवायची का. बाईंनी 'प्रार्थना करावी' एवढे सांगून विषय बदलला. आपल्या मंडळ्यांत कृपा हा शब्द पुष्कळदा झाकण म्हणून वापरला जातो आणि ज्याचे नुकसान झाले त्यालाच गप्प बसवले जाते, म्हणून इथे अधिक बोलणे आवश्यक होते. चौथ्या शुक्रवारच्या दाखल्याच्या अगोदर, त्याच अध्यायात, अपराध करणाऱ्या भावाकडे आधी एकट्याने जा, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग, असा क्रम स्पष्ट दिलेला आहे. हिशेब इतक्या बारकाईने मांडणाऱ्या बाईंनी ही वचने वगळावीत, याचे नवल वाटले. पुस्तिकेतही ती नाहीत. शिवाय तिचा टाइप इतका बारीक आहे की माझ्या वयाच्या माणसांना ती घरी वाचता येणार नाही. मार्चमध्ये त्या सभागृहाचे पत्रे संध्याकाळीही तापलेले असतात, त्यामुळे पंख्याखालची जागा हवी असल्यास लवकर जावे.

एक गोष्ट मात्र पुस्तिकेत कुठेच लिहिलेली नव्हती. एक गृहस्थ सहाही वेळा पाऊण तास उशिरा आले. वेळेच्या बाबतीत इतक्या काटेकोर असलेल्या बाईंनी त्यांना कधी टोकले नाही आणि त्यांनीही कधी कारण सांगितले नाही. पहिल्या दोन शुक्रवारी माझी चिडचिड झाली आणि तिसऱ्या शुक्रवारी, मोठे कारण असेल अशी माझी मीच समजूत घातली. ते कारण मला शेवटपर्यंत कळले नाही. दुसऱ्या शुक्रवारपासून बाई वर्ग सुरू करण्याआधी दाराजवळ एक खुर्ची रिकामी ठेवत आणि तिच्यावर त्या दिवसाचे पान उघडून पुस्तिका ठेवत. पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे. नाव नोंदवायला गेलो तेव्हा ते गृहस्थ माझ्या आधी रांगेत उभे होते.