ऑप-अँपवर गतीची समीकरणे चालवताना : सात महिन्यांच्या वापरानंतर

पदवीच्या विद्यार्थ्यांना दोलने शिकवण्यासाठी मी सात महिन्यांपूर्वी ब्रेडबोर्डवर एक लहानसा अ‍ॅनालॉग संगणक, म्हणजे आकड्यांऐवजी बदलत्या व्होल्टेजने समीकरणे सोडवणारा परिपथ, जुळवला. त्यात टीएल०७४ या ऑप-अँपच्या (ऑपरेशनल अँप्लिफायर या प्रवर्धकांच्या) दोन आयसी, अधिक-उणे १२ व्होल्टचा पुरवठा आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेले रोध व कपॅसिटर, एवढेच सामान आहे. वर्गात तो आठवड्यातून दोनदा तरी चालतो.

स्प्रिंगला टांगलेल्या वजनासाठी तीन ऑप-अँप पुरतात. पहिला त्वरणाचे संकलन (इंटिग्रेशन) करून वेग देतो, दुसरा वेगाचे संकलन करून विस्थापन देतो आणि तिसरा चिन्ह उलटवून ते विस्थापन पुन्हा पहिल्याकडे पाठवतो. गणिती क्रिया करणारा प्रवर्धक म्हणून १९४७ साली ‘ऑपरेशनल’ हे नाव का रूढ झाले, ते ही जोडणी स्वतः केल्यावर नीट उमगते. १ मेगाओहम आणि १ मायक्रोफॅरड घेतल्यास दोलनकाल ६.२८ सेकंद यायला हवा, माझा ६.६ आला. मोजून पाहिले तेव्हा दोन्ही कपॅसिटर ५ टक्क्यांनी मोठे निघाले, म्हणून १ मेगाओहमच्या जागी ९१० व ४३ किलो-ओहम एकापुढे एक जोडले आणि काल जागेवर आला.

खरा आनंद अवमंदनाच्या (दोलने हळूहळू विझवणाऱ्या) पोटेन्शिओमीटरमध्ये, म्हणजे नॉबने बदलता येणाऱ्या रोधात आहे. ऑसिलोस्कोपवर विस्थापन आडवे आणि वेग उभा लावला की आत वळत जाणारी सर्पिल रेषा उमटते. नॉब फिरवत तो रोध स्प्रिंगच्या (विस्थापन पुन्हा पहिल्या ऑप-अँपकडे नेणाऱ्या) रोधाच्या निम्म्यावर आणला की ठिपका एकही हेलकावा न घेता शून्यावर येऊन थांबतो. क्रांतिक अवमंदनाची व्याख्या वर्षानुवर्षे फळ्यावर लिहूनही जे साधले नव्हते, ते मुलांच्या बोटांना त्या एका जागी कळले.

सुरुवातीला जवळ होते म्हणून एलएम७४१ हे जुने ऑप-अँप वापरले, ते लवकरच काढावे लागले. त्याच्या इनपुटमधून वाहणारा सुमारे ८० नॅनोअँपिअरचा प्रवाह कपॅसिटर भरत राहतो आणि १० सेकंदांत पाऊण व्होल्ट साचतो. स्प्रिंगच्या परिपथात फेरा बंद असल्याने ही चूक फक्त मध्यबिंदू किंचित सरकवते. चेंडूच्या मुक्तपतनाचे समीकरण चालवताना मात्र असा बंद फेरा नसतो, म्हणून सोडण्यापूर्वीच चेंडू वाहवत जातो. टीएल०७४ मध्ये हा प्रवाह पिकोअँपिअरमध्ये आहे. कपॅसिटर पॉलिस्टरचेच घ्यावेत, कारण इलेक्ट्रोलिटिकमधून गळती होते.

सर्वांत जपायचे ते मापप्रमाण, म्हणजे किती व्होल्टला किती मीटर मानायचे ते. मी १ व्होल्ट म्हणजे १ मीटर आणि वेगासाठी १ मीटर प्रतिसेकंद धरले होते. ५ मीटरवरून सोडलेला चेंडू जमिनीशी ९.९ व्होल्टला पोहोचतो, तेथवर ठीक चालते. ८ मीटरवरून सोडला तेव्हा वेग साडेदहा व्होल्टच्या आसपास अडकला आणि उंचीचा वक्र शेवटी सरळ रेषा झाला. एका विद्यार्थिनीने हा हवेचा रोध आहे का, असे विचारले. प्रश्न अतिशय योग्य होता, आणि उत्तर शोधताना संतृप्तीचा (ऑप-अँपचे आउटपुट पुरवठ्याच्या व्होल्टेजपलीकडे जाऊ शकत नाही, याचा) पूर्ण तास झाला. आता वेगासाठी १ व्होल्टला २ मीटर प्रतिसेकंद हे प्रमाण ठेवले आहे.

लंबक लहान कोनांपुरताच जमतो. मोठ्या कोनासाठी साइन हवी, त्यासाठी एडी६३३ सारखा गुणक (दोन व्होल्टेजचा गुणाकार करणारी आयसी) लागतो आणि तो ऑप-अँपच्या कितीतरी पट महाग पडतो. तूर्त मी तो घेतलेला नाही.