कॉलेजसाठी कोणते खाते उघडावे : झटपट डिजिटल, बीएसबीडी, पेमेंट बँक की साधे बचत?

महाडीबीटी किंवा राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याने खाते निवडताना व्याजदर शेवटी पाहावा. शिष्यवृत्ती त्या खात्यात जमा होईल का, आणि वसतिगृहात राहून ती काढता येईल का, हे आधी बघायचे.

मोबाईलवर आधार ओटीपीने काही मिनिटांत उघडणारे खाते सर्वांत सोपे, पण अडकते तेही हेच. प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवरून केवायसी (ओळख आणि पत्त्याची पडताळणी) होईपर्यंत त्यात १ लाखाच्या वर शिल्लक ठेवता येत नाही, वर्षभराची एकूण जमा २ लाखांपुढे जात नाही, आणि वर्षाच्या आत केवायसी पूर्ण केली नाही तर खाते बंद पडते. नेमकी फी भरायच्या दिवशी हे कळते. खाते उघडताच व्हिडिओ केवायसी उरकली तर ही मर्यादा राहत नाही.

बीएसबीडी म्हणजे मूलभूत बचत खात्याला (जनधन हे त्यातलेच) किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्डाचे वार्षिक शुल्क नाही, पैसे कितीही वेळा जमा करता येतात. काढायला मात्र महिन्यातून किमान चार वेळा मोफत, एवढीच हमी आहे. सगळा खर्च रोखीने करणाऱ्याला चार वेळा पुरत नाहीत. शिवाय त्याच बँकेत आधीचे बचत खाते असेल तर ते ३० दिवसांत बंद करावे लागते. शाळेत असताना उघडलेले खाते अनेकांच्या लक्षातही नसते, तेव्हा ते आधी शोधा.

इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते पोस्टमन घरी येऊन उघडतो. शाखा लांब असलेल्या गावातल्या मुलामुलींसाठी हा खरोखर चांगला मार्ग आहे. दिवसअखेरची शिल्लक २ लाखांपर्यंतच ठेवता येते. पेमेंट बँक कर्ज देत नाही, त्यामुळे शैक्षणिक कर्ज घ्यायचे असेल तर दुसऱ्या बँकेत जावेच लागते.

साध्या बचत खात्यात प्रश्न किमान शिल्लकीचा. स्टेट बँकेने ही अट मार्च २०२० मध्ये काढली. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल आणि बडोदा बँकेनेही साध्या बचत खात्यांवरचा दंड थांबवला. खासगी बँकेत बहुधा सरासरी मासिक शिल्लक मोजतात, म्हणजे रोजच्या अखेरच्या शिल्लकीची सरासरी. अट ५,००० ची असेल तर १० दिवस १५,००० आणि उरलेले २० दिवस शून्य ठेवले तरी ३० दिवसांच्या महिन्यात ती भरते. विद्यार्थी म्हणून सवलत मिळत असेल तर शिक्षण संपल्यावर खात्याचे काय होणार, हे फॉर्मवर सही करण्याआधी विचारा.

आता सर्वांत जास्त घोळ होतो ती गोष्ट. खात्याला आधार जोडला म्हणजे डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात जमा होणे) सुरू झाले असे नाही. कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जायचे याची यादी, म्हणजे मॅपर, एनपीसीआय ही देयक संस्था ठेवते. त्यात एका आधारापुढे एकच बँक असते, शेवटी सीडिंग (या यादीत नोंद) झालेली. नवे खाते उघडताना डीबीटीच्या संमतीच्या चौकटीत टिक केली की शिष्यवृत्ती तिकडे वळते, आणि विद्यार्थी जुन्या पासबुकात एंट्री शोधत बसतो. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंगची स्थिती पाहा. बँकेचे नाव चुकीचे दिसले तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा फॉर्म द्या.

सतराव्या वर्षी प्रवेश घेतला असेल तर अठरा पूर्ण होताच नवी सही आणि नवी केवायसी द्यावी लागते. दोन वर्षे स्वतःहून व्यवहार न केल्यास खाते निष्क्रिय होते. शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या शून्य शिल्लक खात्यांना १ एप्रिल २०२४ पासून यातून सूट आहे.

आमचे मत स्पष्ट आहे : कॉलेजजवळच्या सरकारी बँकेत दंड नसलेले साधे बचत खाते, पूर्ण केवायसी करून, आणि डीबीटी त्याच एका खात्यावर. आधारवर गावचा पत्ता असला तरी चालतो. आधार ई-केवायसी करताना वसतिगृहाचा पत्ता स्वयंघोषणेने देता येतो.